प्लीज मीट

आमच्या कारखान्यात नवा माणूस कामाला लागला की त्याच्या हातात पान्हा पडायच्या आधी त्याची ओळख फळ्यावर लागायची. पंप बनवणारा कारखाना आमचा. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला हजेरीचं यंत्र आणि त्याच्या वर काच लावलेला फळा. काचेमागे इंग्रजीत टाइप केलेला एक कागद. त्याची सुरुवात ठरलेली, 'प्लीज मीट', आणि पुढे माणसाचं नाव. हे कागद लिहिणाऱ्या टाइम ऑफिसच्या कारकुनाला सगळा कारखाना प्लीजमीट म्हणायचा. तोंडावर प्लीजमीटकाका, पाठीमागे नुसतंच प्लीजमीट. त्यांना दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही आवडायचं.

मी स्टोअरला. माझी खिडकी आणि त्यांचं टाइम ऑफिस यांच्यामध्ये प्लायवुडची एक पातळ भिंत होती. तिकडे काका शिंकले की इकडे माझे वॉशर हलायचे. हातमोजे, पान्हे, गास्केट देणं-घेणं हे माझं काम, आणि भिंतीपलीकडचं ऐकणं हा माझा छंद. त्यात लाज कसली? कानांना काही झाकणं नसतात.

ओळख इंग्रजीतच का, असं मी त्यांना सुरुवातीला विचारलं होतं. ते म्हणाले, "इथे नाना भाषांची माणसं आहेत. एकाच्या भाषेत लिहिलं की दुसऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. इंग्रजी कुणाच्याच आईची नाही, म्हणून भांडण नाही." ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी ते सकाळी फळ्यासमोर उभे राहून अर्थ सांगत. माझंही इंग्रजी यथातथाच. जे आलं ते त्या फळ्यासमोर उभं राहूनच आलं.

त्यांचे नियम कडक होते. पहिल्यांदा नाव आणि आडनाव, पुढे कागदभर नुसतं नाव. मिस्टर नाही, मिसेस नाही, साहेब नाही. झाडूवालीला जितकी जागा तितकीच मॅनेजरला. मधलं नाव तर मुळीच नाही. "मधलं नाव म्हणजे बापाचं नाहीतर नवऱ्याचं," ते म्हणत. "ते आलेत का कामाला? मग त्यांना हजर कशाला दाखवायचं?" टाइम ऑफिसचा माणूस, हजेरी सोडून दुसरं काय बोलणार!

कागद लिहिण्याआधी ते नव्या माणसाला समोर बसवत, चहा मागवत आणि एकच प्रश्न विचारत, "काय केल्याशिवाय तुम्हाला करमत नाही?" नुसत्या नावाने माणूस कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नावाच्या मागे धरायला एखादी कडी लागते, म्हणजे समोरच्याला बोलणं सुरू करता येतं. झाडूवालीच्या कागदावर त्यांनी लिहिलं होतं की ती शिटीवर कुठलंही गाणं वाजवते. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये तिला फर्माइशी सुरू झाल्या. एका वेल्डरबद्दल लिहिलं की बुद्धिबळात त्याला अजून कुणी हरवलेलं नाही. दुपारच्या सुट्टीत त्याला हरवायला रांग लागली आणि संध्याकाळपर्यंत बिचारा तीनदा हरला, पण मित्र भरपूर झाले.

मॅनेजरसाहेबांचा भाचा लागला तेव्हा साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, "भाचा आहे हे लिहा." काकांनी मान डोलावली आणि लिहिलं काय, तर नाव, आडनाव आणि 'याला कुत्र्यांची भीती वाटते'. साहेब लालबुंद झाले. पण वॉचमनने फाटकावरचं कुत्रं त्याच दिवशी मागच्या बाजूला नेऊन बांधलं, आणि भाचा तेव्हापासून काकांना मानायला लागला.

मग काकांचा मुलगाच लागला. टेस्टिंगला. तयार झालेला पंप पाण्यावर चालवून बघायचा, दाब मोजायचा, कुठे गळतोय का ते शोधायचं. काकांनी पोटच्या पोरालाही समोर बसवलं, चहा पाजला, तोच प्रश्न विचारला. इकडे मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसत होते. फळ्यावर त्याचं नाव आणि आडनाव लागलं, आणि खाली एवढंच, की हा डावखुरा आहे, याची अवजारं कृपया डावीकडे ठेवा. लोक म्हणाले, "काय काका, घरच्या पोराला बाप नाही का?" काका म्हणाले, "तुम्हाला भेटायचंय कुणाला, त्याला की मला? मला तर रोजच भेटता."

पोरगं गुणाचं निघालं. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचं, मूठ कानाला, आणि आतला बिघाड सांगायचं. ऐन उमेदीत लग्न झालं, घरात सून आली. शिकलेली, कमी बोलणारी. डबा द्यायला एकदोनदा फाटकाशी आली होती तेवढीच मला माहीत.

लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. सुट्टीच्या दिवशी घरातला नळ दुरुस्त करता करता तो खाली बसला तो उठलाच नाही. डोक्यातली शीर फुटली म्हणाले डॉक्टर. काका आठवडाभराने कामावर आले. आम्ही सगळे काय बोलावं या विचारात, आणि ते थेट खुर्चीत बसून कालच्या हजेऱ्या भरू लागले.

त्यानंतरचं जे काम होतं ते त्यांच्याच टेबलाचं होतं. माणूस गेला की त्याचं नाव सगळीकडून काढायचं. हजेरीपटातून काढलं. टेस्टिंगच्या पाळीच्या तक्त्यावरून काढलं. कँटीनमध्ये ज्याच्या त्याच्या कपाच्या खुंटीवर नावाची चिठ्ठी असे, तीही काढली. शेवटी लॉकर राहिलं. त्यावरची पट्टी पक्की चिकटलेली. काका ब्लेडने खरवडत होते. मी गेले आणि म्हटलं, "काका, द्या इकडे, मी काढते."

"नको," ते म्हणाले, "रंगाला ओरखडा जाईल. पुढच्या माणसाला खराब लॉकर कशाला?" आणि अक्षर अक्षर करत सगळं नाव काढलं. मी तिथे उभी राहू शकले नाही.

आमच्याकडे रिवाज असा, की नोकरीत असताना माणूस गेला तर त्याची जागा घरच्या कुणाला तरी विचारतात. साहेबांनी सुनेला विचारलं. तोपर्यंत तिचा भाऊ दोनदा येऊन गेला होता. चल माझ्याकडे, तिकडे दुकानात बघू काहीतरी, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, आधी ही नोकरी करून बघते. जमली तर इथेच राहीन, आईबाबांना सोडून जायची माझी इच्छा नाही. पण घरात फोटोसमोर बसून दिवस काढणं मला जमणार नाही. हे सगळं काकांनीच मला भिंतीपलीकडून सांगितलं. त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं आणि समोरासमोर सांगवत नव्हतं.

"जमेल ना गं तिला?" ते म्हणाले. "जमायला हवं. ती गेली तर घरात आम्ही दोघं आणि भिंती. आमची ही तर आत्ताच दार वाजलं की सुनेचं नाव घेऊन उठते."

"जमेल हो काका," मी म्हटलं. "आपण सगळे आहोत की."

रुजू होण्याच्या आदल्या दिवशी ती बूट आणि हातमोजे न्यायला माझ्या खिडकीशी आली. बारीक चणीची, त्यामुळे मापाचे बूट मिळेनात. आम्ही खोकी उपसत होतो तेवढ्यात काका आपल्या दारात येऊन उभे राहिले. तिने बुटाची नाडी बांधता बांधताच सांगितलं, "बाबा, उद्याच्या कागदावर त्याचं नाव नको."

काकांनी दाराची चौकट धरली.

"मी कुणाच्या जागेवर आलेय ते कळेलच सगळ्यांना," ती म्हणाली. "पण पहिल्याच दिवशी सगळे त्याच्यासाठी हळहळत आले तर मी उभी कशी राहणार तिथे? थोडे दिवस मला नुसती माझी राहू द्या. मग मीच बोलेन त्याच्याबद्दल. मला बोलायचंच आहे. फक्त उद्या नको."

"बरं," काका म्हणाले.

माझ्यासमोर म्हणाले. स्पष्ट म्हणाले. म्हणूनच मला पुढचं माफ करता येत नाही. आणि आणखी एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. त्यांनी चहा मागवला नाही. तिला समोर बसवलं नाही. ती बूट घेऊन गेली आणि ते आत जाऊन टाइप करत बसले. घरच्याच माणसाला काय विचारायचं, असं वाटलं असेल.

सकाळी मी फाटकातून आत आले तर फळ्यासमोर ही गर्दी. 'प्लीज मीट', आणि पुढे तिचं पूर्ण नाव. मधल्या नावासकट. इतक्या वर्षांत त्या काचेमागे मी मधलं नाव पाहिलं नव्हतं. इंग्रजीत लिहिताना लोक मधल्या नावाचं एक अक्षर ठेवतात आणि टिंब देतात, तसंही नाही. अख्खं नाव, लॉकरवरून खरवडलं होतं तेच. त्याखाली लिहिलं होतं की ही आपल्या लाडक्या सहकाऱ्याची पत्नी, आणि पुन्हा त्याचं नाव. मग तो पंपाला कान लावून दोष कसा ओळखायचा, त्याच्या हाताखालून गेलेला पंप कधी परत कसा आला नाही, सगळ्यांना मदतीला कसा धावायचा. कागद खालपर्यंत भरला होता. तिच्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

मी तडक टाइम ऑफिसमध्ये गेले. "काका, हे काय करून ठेवलंत? काल बरं म्हणालात ना तिला?"

ते माझ्याकडे बघेनात. टेबलावरचा कागदाला भोकं पाडायचा पंच उचलून पुन्हा खाली ठेवला. म्हणाले, "सगळीकडून काढला गं मी त्याला. माझ्या हातांनी काढला. एवढं एक ठिकाण होतं."

 तोंडापर्यंत आलेला राग गिळला, पण पचला नाही. तुमचं दुःख डोंगराएवढं असेल, पण म्हणून ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं का? तेही जी स्वतःचाच डोंगर घेऊन उभी आहे तिच्या?

ती आली. तिने कागद वाचला. शेवटपर्यंत वाचला. मागे माणसं उभी होती. मला वाटलं आता ही पाठ फिरवेल. पण तिने हजेरीचं कार्ड यंत्रात घातलं, बाहेर काढलं, जागेवर ठेवलं आणि टेस्टिंगच्या दिशेने चालू लागली.

मी दिवसभर काही ना काही कारण काढून तिकडे जाऊन येत होते. माणसं वाईट नव्हती हो. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. एकेक जण हातातलं काम टाकून येत होता. वेल्डर आला आणि म्हणाला, "वहिनी, माझं पोर आजारी होतं तेव्हा त्याने माझी पाळी केली होती." लेथवाला आला आणि डोळे पुसत परत गेला. कँटीनवाल्याने फडताळात जपून ठेवलेला कप आणून दिला आणि म्हणाला, यातून पीत जा, त्याचाच आहे. सुपरवायझरने स्टूल पुढे सरकवलं, "बसा वहिनी, तो इथेच बसायचा." ती बसली नाही. दिवसभर उभी राहिली. पाण्याच्या टाकीशी, दाबाच्या काट्याकडे बघत. कुणी आलं की मान हलवायची, "हो" म्हणायची. चहा तिने घेतलाच नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला ओढून स्टोअरमध्ये आणलं आणि खिडकी लावून घेतली. रबरी गास्केटांच्या ढिगाशेजारी ती खाली बसली. मी डबा उघडून पुढे केला. तिने घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "सकाळपासून मला कुणी नावाने हाक मारली नाही."

"मारतील गं. नवी आहेस अजून."

"आलेल्यांपैकी मला भेटायला कुणी आलंच नव्हतं. सगळे त्याला भेटून गेले." मग ती रडली. आवाज न करता, घास हातात धरूनच. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाहेर कुणीतरी हातमोज्यांसाठी खिडकी वाजवत होतं. वाजवू दे म्हटलं.

संध्याकाळी भोंगा झाला आणि काका दिवसभरात पहिल्यांदा टेस्टिंगकडे आले. मी तिच्याकडून बूट परत घ्यायला तिथेच होते. मापाचे दुसरे आणून देणार होते तिला. काकांचा चेहरा मी इतक्या दिवसांत असा पाहिला नव्हता. जणू कुणीतरी दिवा लावला होता आत.

"काय काय म्हणाले गं सगळे?" त्यांनी तिला विचारलं. "त्याच्याबद्दल काय म्हणाले?"

मला वाटलं, आता ही बोलेल त्यांना चार शब्द. बोलायलाच हवं होतं. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि सांगायला लागली. वेल्डरची पाळी, लेथवाला, कँटीनवाल्याने ठेवलेला कप. काका तेच स्टूल ओढून बसले. "आणि?" ते विचारायचे. "अजून कोण आलं होतं?" ती उभ्या उभ्या एकेक आठवून सांगत होती. ज्याने दिवसभर तिला भाजून काढलं होतं तेच ती त्यांना घासाघासाने भरवत होती. कुणी नुसतं डोळे पुसून गेलं असेल तर तेही सांगत होती. काकांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. त्यांना कारखान्याचा विसर पडला होता. ती किती वेळची उभी आहे, तेही त्यांना दिसत नव्हतं.

सगळं सांगून संपलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी दुपारी दादाला फोन केलाय. तो उद्या येतोय."

"कशाला?"

"न्यायला."

काका स्टूलावरून उठले. "अगं, पण आजचा पहिलाच दिवस. लोक चांगले आहेत. बघितलंस ना किती चांगले आहेत?"

"खूप चांगले आहेत," ती म्हणाली. "माझ्याच्याने नाही होणार, बाबा." तिने वाकून त्यांना नमस्कार केला, बूट माझ्या हातात दिले आणि आपल्या चपला घालून फाटकाकडे गेली. काका तिच्या मागे दोन पावलं गेले आणि थांबले.

दुसऱ्या दिवशी ती भावाबरोबर गेली. काकांची बायको घराबाहेर रस्त्यावर बसून रडली असं शेजाऱ्यांनी सांगितलं. काका त्या दिवशीही कामावर आले होते. आल्या आल्या काच उघडून त्यांनी तो कागद काढला आणि घडी घालून खिशात ठेवला.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून टाइप करण्याचा आवाज यायचा आणि थांबायचा. मग एकदा त्यांनी मला हाक मारली. "अगं, तुझ्याशी काही बोलली होती का ती? म्हणजे, तिला काय आवडतं वगैरे?"

"मला कसं ठाऊक असणार काका? ती तुमच्या घरात होती."

"हिलाही विचारलं मी," ते बायकोबद्दल म्हणाले. "ही म्हणते, झोपायच्या आधी काहीतरी वाचायची. काय वाचायची ते हिला माहीत नाही."  सगळ्या कारखान्याला ज्याने ओळखी करून दिल्या त्याच्याच घरी दिव्याखाली अंधार. हे मी त्यांना बोलून दाखवणार होते. पण त्यांचा आवाज ऐकला आणि नाही बोलले.

त्यानंतर आमच्याकडे एक नवा इलेक्ट्रिशियन लागला. काकांनी त्याला समोर बसवलं आणि मला हाक मारून चहा सांगायला लावला. चहा घेऊन मीच गेले. प्रिंटरमध्ये एक कागद पडलेला होता. 'प्लीज मीट', तिचं नाव आणि आडनाव. मधलं नाव नाही. खाली सगळा कागद कोरा. इलेक्ट्रिशियनने मान तिरकी करून तो वाचला आणि त्याला वाटलं, आपल्यासारखंच कुणीतरी नवीन असेल.

"ह्या कुठल्या खात्यात आहेत?" त्याने विचारलं. "यांच्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

काकांनी तो कागद उचलला. दोन्ही हातांत धरून बघत राहिले.

"आमच्या घरी होती," ते म्हणाले. "मी तिला काही विचारलंच नाही."